बिनशेपटीचा पोपट

परवा नातवाच्या खाऊच्या पुड्यातून एक चित्र निघालं. वाघाचं. पठ्ठ्यानं ते हाताला चिकटवलं, आरशात पाहिलं आणि लगेच खरवडून टाकलं. मी म्हटलं, काहून काढलं रे? तर म्हणतो कसा, आजी, अशी ढीगभर पडली आहेत, तुला पाहिजे तर घे. मला असा राग आला म्हणता! सुनेला वाटलं, म्हातारीला आता चित्रावरूनही भांडण सुचायला लागलं. सुचू दे. तिला गोजराबाई माहीत नाही. मला माहीत आहे आणि आता सांगणारी मीच एकटी उरले आहे, म्हणून सांगते.

आमचा शेलूबाजारला भाजीचा मळा होता. पंजाबराव माळ्याचा मळा म्हटलं की कोणीही वाट दाखवायचं. मळ्याच्या कुंपणाला लागून गोजराबाईचं कुडाचं घर. धंदा गोंदण्याचा. बाजाराच्या दिवशी लिंबाच्या झाडाखाली पोतं अंथरून ती बसायची. समोर करवंटीत कालवलेली काजळी, दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या सुया, हळदीची पुडी. एवढंच दुकान. तुळस, विंचू, फणी, ठिपके, नवऱ्याचं नाव, जे म्हणाल ते ती हातावर काढून द्यायची, आणि एकदा निघालेलं मरेपर्यंत हलायचं नाही. बाया रडायला लागल्या की हात आणखी घट्ट धरायची. एवढ्याशा सुईले रडतं, मंग पोरं कशी काढशीन वं, असं सगळ्यांसमोर विचारायची. मोठी तोंडाळ बाई. पण तिचा हात हलका होता, हे तिच्याशी भांडलेल्या बायाही कबूल करायच्या.

गोंदण तिच्या लेखी नुसता साज नव्हता. ती पक्की मानायची की बाई मेली की अंगावरचा सोन्याचा मणी घरचे काढून घेतात, लुगडं काढून घेतात, गोंदण कोणालाच काढता येत नाही. तेवढंच संगं जातं. आणि जिच्या अंगावर ते नाही तिला वर गेल्यावर सब्बलीनं गोंदतात. सब्बल म्हणजे खड्डे खणायची लोखंडी पहार. आम्हा पोरींना ती हे इतकं रंगवून सांगायची की मी बरेच दिवस आमच्या मळ्यातल्या सब्बलीजवळून जायला भ्यायचे.

धंदा मात्र बसत चालला होता. बौद्धवाड्यातल्या बायकांनी धर्म घेतल्यापासून गोंदणं सोडलं होतं. शाळेत जाणाऱ्या पोरी नको म्हणायच्या. मंगरूळपीरच्या उरुसात बॅटरीवरची मशीन घेऊन गोंदणारे यायला लागले होते, जवान माणसं तिकडे जायची. बौद्धवाड्यातली लिलाबाई आमच्या मळ्यात निंदायला यायची. तिची आणि गोजराबाईची मोठी गट्टी. गोजराबाई तिला चिडवायची, तुह्या पोरी वर गेल्या का सब्बलीनं गोंदतीन पाह्य. लिलाबाई खुरपं न थांबवता म्हणायची, "आमी ते वरचं सारंच सोडलं वं बाई. तू खालचं पाह्य."

गोजराबाईला एकच लेकरू. कौतिका. माझ्याच वयाची, माझ्याच वर्गातली. आणि काय सांगू, साऱ्या गावाला गोंदणाऱ्या बाईच्या या पोरीच्या अंगावर एक ठिपका नव्हता. सुई पाहिली की ती घरातून पळायची ती आमच्या मिरच्यांच्या वाफ्यात येऊन लपायची. गोजराबाईनं दोनदा धरून बसवली होती, दोन्ही वेळा कौतिका किंचाळत बेशुद्ध पडली. बाहेर एवढी कठोर बाई, पण पोरीपुढे तिचा हात चालेना. बाजारातल्या बाया टोमणे मारायच्या, अवं, घरची कोरी ठेवून आमाले टोचतं काय? ते तिला फार लागायचं.

त्यात छाप आली. दुष्काळाचं साल सरून गेलं होतं, लोकांच्या तोंडाला पुन्हा चव आली होती, त्या दिवसांतली गोष्ट. तेव्हा आमचा जिल्हा अकोलाच होता. तिकडच्या कुण्या चहावाल्यानं चहाच्या पुड्यात एकेक चित्र टाकायला सुरुवात केली. अंगठ्याएवढा गुळगुळीत कागद. हाताला थुंकी लावायची, कागद पालथा ठेवायचा, नखानं घास घास घासायचा आणि श्वास रोखून अलगद उचलायचा. चित्र हातावर! गुलाब, विंचू, रेल्वेचं इंजिन, काळा चष्मा घातलेली एक मडम. आम्ही त्याला छाप म्हणायचो. आमच्या घरी चहा सुटा यायचा, म्हणून मला छाप मिळायची मारामार. कौतिकाकडे मात्र रास होती, कारण तिचा बाप चंपत फाट्यावरच्या रंगरावच्या हॉटेलात कामाला होता. रोज पुडे फुटायचे. चंपत छाप खिशात घालून आणायचा आणि पोरगी दारातच त्याचा खिसा उलटा करायची. मुका माणूस म्हणावा इतकं कमी बोलायचा तो, पण त्या वेळी खुदकन हसायचा.

शाळेत कौतिकाचं राज्य झालं. मधल्या सुट्टीत पोरी तिच्यापुढे हात पसरून उभ्या राहायच्या आणि ती एकेकीच्या हातावर छाप मारून द्यायची, अगदी आईसारखी मनगट आवळून धरायची, आईसारखीच रागवायची. मी तिची जवळची म्हणून मला इंजिन मिळालं होतं. ते राहावं म्हणून मी डाव्या हाताची आंघोळच बंद केली आणि आईच्या हातचा मार खाल्ला. आता आठवलं की हसू येतं, आणि लगेच पुढचं आठवतं.

गोजराबाईला छापेचा संताप यायचा. धुतलं का गेलं, हे काय गोंदण हाये? थुंकीचा धंदा मेला! असं म्हणत ती पोरीचा हात पदरानं खसाखसा पुसून काढायची. कौतिका रडायची, पण दुसऱ्या दिवशी नवी छाप तयार असायची. घरात बापलेक एका बाजूला आणि गोजराबाई एका बाजूला, असं ते चालायचं.

मग एक दिवस पुड्यातून पोपट निघाला. हिरवागार, लाल चोचीचा, लांब शेपटीचा. साऱ्या गावात कोणाला तो निघाला नव्हता. मी म्हटलं लाव, लाव. कौतिकानं लावला नाही. तो कागद तिनं चहाच्या रिकाम्या पुड्यात घातला, पुडा कोनाड्यात ठेवला आणि आईपुढे जाऊन उभी राहिली. मी दारातच होते.

"माय, असाच पोपट काढशीन त मी गोंदून घेतो. रडनार नाई."

गोजराबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. मग नाक मुरडून ती म्हणाली की चहावाल्याचं चित्र पाहून मी सुई धरू का, माझ्या मायनं मला तुळस शिकवली, विंचू शिकवला, हा कुठला पोपट? तिचं हे बोलणं चुलीवरचं आधण येईपर्यंत चाललं. आणि संध्याकाळी मी डोकावले तर बाईसाहेब अंगणात बसून काडीनं धुळीत पोपट काढून पाहत होत्या. शेपटी जमत नव्हती. पुसायची, पुन्हा काढायची. मला पाहिलं तशी ओरडली, काय पाहून राह्यली, घरी काम नाई काय?

पण एक अडचण होती. दिवस पावसाळ्याचे होते, आणि पावसाळ्यात गोंदलं तर ते पिकतं. गोंदायचं तर थंडीत. हा तिच्या मायचा नेम, आणि तो तिनं कधी मोडला नव्हता. परक्या बायांसाठीही नाही, तर पोटच्या पोरीसाठी कसा मोडणार? दिवाळी झाली की गोंदू, असं ठरलं. लिलाबाईलाही तिनं मोठ्या तोऱ्यात सांगितलं की माझी पोरगी राजी झाली, आता मी मरायला मोकळी. लिलाबाई म्हणाली, मरतं कायले, पोपट त काढ आधी.

दिवाळीच्या तोंडावर कौतिकाचा गळा सुजला. दोन्हीकडून गाल-मान एक झाले. गावात त्या दिवसांत गालफुगी चालू होती, मलाही येऊन गेली होती, म्हणून कोणालाच काही वाटलं नाही. गोजराबाईनं लेप लावला, गळ्याला फडकं बांधलं. मी खिडकीतून कौतिकाला वेडावून दाखवलं, तीही हसली. पण गालफुगीत घास गिळताना दुखतं, हिला पाणीही उतरेना. नाकातून परत यायला लागलं. श्वास घेताना घशात काही अडकल्यासारखा आवाज यायचा, तो आमच्या मळ्यात ऐकू यायचा. मग चंपतनं तिला खांद्यावर टाकलं, फाट्यावरून मिळाली ती जीप धरली आणि तिघंही मंगरूळपीरच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरनं घसा पाहिला आणि म्हणाला, हा घटसर्प आहे, पहिल्या दिवशीच का नाही आणली? त्यानं सुई टोचली. त्या सुईला कौतिका रडली नाही, घाबरली नाही, हे गोजराबाईनं नंतर माझ्या आईला कितीतरी वेळा सांगितलं. दुपार व्हायच्या आत ती गेली.

त्याच जीपनं तिला परत आणली. अंगणात घोंगडीवर ठेवली. माझी आई, लिलाबाई, शेजारच्या बाया जमल्या. चंपतची मोठी बहीण सीताबाई मानोऱ्याकडून दिवाळीसाठी आधीच आलेली होती, तिनं सारं हातात घेतलं. पाणी तापायला ठेवलं. लेकराला माती द्यायची म्हणून पुरुष खणायला गेले. मला कोणी हाकललं नाही, मी तुळशीपाशी उभी राहिले. सीताबाईनं फडकं बाजूला करून पोरीचे दोन्ही हात पाहिले आणि म्हणाली, "कोरीच धाडून राह्यली काय वं, गोजरे?"

असं कोणी बोलतं? पण बोलली. वाईट मनानं नाही, तीही ते मानायचीच. गोजराबाई तोवर दगडासारखी बसली होती. ती उठली, आत गेली आणि सुया घेऊन आली. करवंटीत काजळी कालवली. पोरीचा डावा हात मांडीवर घेतला, मनगट आवळून धरलं, जसं जन्मभर धरलं तसंच. सुई टोचली. पुन्हा टोचली. रक्त आलं नाही. काजळी वरच्या वर राहिली, बोटानं पुसताच निघाली. माझी आई तोंडात पदर कोंबून रडायला लागली. गोजराबाई त्या हाताकडे पाहतच राहिली. मग सुया खाली ठेवून तिनं ती टोचलेली जागा हळूहळू चोळली, दुखलं असेल तर थांबावं म्हणून चोळतात तशी.

"ही सुईले भेत होती," ती म्हणाली. कोणाला म्हणाली कोण जाणे.

मग तिनं मान वर केली, मला हुडकलं. "बेबे, तिची ती छाप कुटी हाये?"

मला माहीत होतं. मी आत जाऊन कोनाड्यातला चहाचा पुडा आणला आणि पोपटाचा कागद काढून तिच्या हातात दिला. तिनं तो उलटा केला, सुलटा केला. साऱ्या मुलखाला गोंदणारी बाई, तिला छाप कशी लावतात ते ठाऊक नव्हतं. इतक्या वेळा तिनं ती पुसली होती, लावताना कधी पाहिली नव्हती. मी सांगितलं, थुंकी लावायची. तिच्या तोंडाला कोरड पडली होती. तिनं डोळे पुसून तोच ओला हात पोरीच्या मनगटाच्या वर फिरवला, कागद पालथा ठेवला आणि नखानं घासायला लागली. मी म्हणत होते, थांबा, अजून घासा, अजून. तिला धीर निघाला नाही. उचलला. पोपट आला, चोच आली, डोळा आला. शेपटी कागदालाच राहिली.

तिनं तो कागद पुन्हा लावून पाहिला, नाही आली. एकदा सुटली की छाप पुन्हा धरत नाही, ते आम्हा सगळ्या पोरींना माहीत होतं.

तोवर पाणी तापलं. आंघोळ घालायला बाया पुढे झाल्या आणि गोजराबाई पोरीवर आडवी पडली. हा हात ओला करू देणार नाही म्हणाली. सीताबाई चिडली. म्हणाली, बिनआंघोळीचं अंग मातीत जात नसते, आणि कागदाच्या चित्रानं काय होते, वर काय त्यायले समजत नाई? बाया दोन्हीकडून बोलायला लागल्या. कोणी म्हणे राहू द्या, कोणी म्हणे विटाळ राहील. गोजराबाई कोणाचंच ऐकत नव्हती, नुसती त्या हाताला बिलगून होती.

तेव्हा लिलाबाई उठली. वरचं काहीच न मानणारी बाई. ती घोंगडीच्या डाव्या बाजूला जाऊन बसली, कौतिकाचा हात तिनं दोन्ही हातांनी वर उचलून धरला आणि सीताबाईला म्हणाली, "घाला तुमी पानी. हा हात माह्यापाशी हाये." आंघोळ होईपर्यंत तिनं तो तसाच धरून ठेवला. तिचं लुगडं चिंब झालं. पोपटावर एक थेंब पडला नाही.

माती देऊन पुरुष परत आले तेव्हा गोजराबाईनं चंपतला एकच विचारलं, माती ओली होती काय? चंपत म्हणाला, कोरडी होती. जागा नाल्याच्या काठची होती. दिवाळीपर्यंत तिथं बोटभर खणलं तरी ओल लागायची, हे गावातल्या पोराटोरांनाही माहीत होतं. माझे वडील शेजारी उभे होते, तेही म्हणाले, हो बाई, एकदम कोरडी.

तिचा विश्वास बसला नसावा. थंडी पडल्यावर ती एक दिवस अंगणात सुया घेऊन बसलेली मला दिसली. उजव्या हातानं स्वतःच्या डाव्या हातावर टोचत होती. जुन्या तुळशीच्या आणि विंचवाच्या मधल्या कोऱ्या जागेत. पोपट काढत होती, चोच, डोळा, पंख. शेपटी न काढताच तिनं हळद लावली. मी विचारलं, काकू, शेपटी राहिली. ती म्हणाली, राहिली नाही, एवढाच आहे. मग मला जवळ बसवून तिनं जे सांगितलं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

"तिची छाप वाटंतच धुवून गेली असन. मंग तिथं तिले गोंदलेली कोन मानीन? मी गेलो का हात दाखवीन. म्हनीन, असा होता. शेपटी माह्यानं राह्यली."

त्यानंतर तिनं कोणाला गोंदलं नाही. सुयांचं काय केलं माहीत नाही. बाजारातली लिंबाखालची जागा एका बांगडीवाल्यानं घेतली. ती आमच्या मळ्यात लिलाबाईसोबत निंदायला यायला लागली. दोघी एका ओळीत बसायच्या. तिचं तोंड बंद झालं म्हणता म्हणता पुरतंच बंद झालं. लिलाबाई एकटीच बोलायची, मुद्दाम खोडी काढायची, तुह्या त्या सब्बलवाल्याचं काय झालं वं, असं एकदा चुकून म्हणून गेली आणि मग दिवसभर स्वतःच रडत राहिली. चंपत हॉटेलात पुडे फोडायचा तेव्हा छाप न पाहता भट्टीत टाकायचा. रंगरावच्या हॉटेलात बसलेली पोरं त्यासाठी त्याच्या नावानं खडे फोडायची. पुढे चहावाल्यानं छाप टाकणं बंद केलं, तेव्हा पोरं हळहळली. मला बरं वाटलं.

चंपत आधी गेला. गोजराबाई एकोणऐंशी साली गेली, हिवाळ्यात. काविळीनं. पिवळीजर्द झाली होती, अन्न सुटलं होतं, पण शेवटपर्यंत डाव्या हाताची बाही वर खोचलेली. मी तेव्हा लग्नाची झाले होते, आईनं मला पाणी आणून द्यायला संगं नेलं. बाया थोड्याच होत्या. सीताबाई म्हातारी झाली होती, तिला यायला झालं नाही. लिलाबाई होती.

त्याच अंगणात, तिथंच ठेवलं होतं. मी पाण्याची घागर आणून ठेवली. आईनं पहिला तांब्या भरला तशी लिलाबाई सवयीनं डाव्या बाजूला सरकली आणि गोजराबाईचा हात दोन्ही हातांनी उचलून वर धरला. आईचा तांब्या तसाच राहिला. लिलाबाईनं त्या हाताकडे पाहिलं. हिरवट काळा पोपट, चोच, डोळा, शेपटी नाही.

मग तिनं हात हळूच खाली ठेवला. "हा जात नाई," ती म्हणाली, आणि आईच्या हातातून तांब्या घेऊन तिनंच त्या पोपटावर पाणी ओतलं.